यादीतला डुप्लिकेट

या लिखाणात मी कुणाचंही नाव लिहिणार नाही. नवऱ्याचं नाही, साहेबांचं नाही, आणि ज्याच्याबद्दल हे सगळं आहे त्याचं तर नाहीच. नावं भरण्याचा, जुळवण्याचा आणि खोडण्याचा धंदा मी पुष्कळ वर्षं केला. निदान हे सांगून होईपर्यंत तरी हाताला तेवढी शिक्षा असू दे.

ऐंशीच्या दशकात आम्ही वाशीला राहायला आलो. तेव्हा आमच्या सोसायटीच्या मागे नुसतं गवत होतं आणि गवतापलीकडे खाडी. दादरचे नातेवाईक विचारायचे, "तिकडे दूध मिळतं का?" मी मात्र खूश होते, कारण मला महाप्याला नोकरी लागली होती. तिथे औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आमचं डेटा प्रोसेसिंग सेंटर होतं. ज्या कंपन्यांकडे स्वतःचा संगणक नव्हता त्यांच्या याद्या, पत्रकं आणि हजेऱ्या आम्ही आमच्या मशीनवर करून द्यायचो. मी प्रोग्रामर होते. हा शब्द सासूबाईंना शेवटपर्यंत कळला नाही. त्या सांगायच्या, "सूनबाई कार्यक्रम करते."

माझी एक वही होती, फुलस्केप, लाल पुठ्ठ्याची. वर्तमानपत्रात संगणकाबद्दल काहीही आलं की मी ते कापून तिच्यात चिकटवायचे आणि समासात लाल पेन्सिलीने शेरा मारायचे. नवरा म्हणायचा, "मास्तरीण व्हायची राहिलीस तू." खरंच होतं ते. माझा स्वभाव चूक काढण्याचा, आणि त्या काळात संगणकाबद्दल जे छापून यायचं त्यात चुकांना तोटा नव्हता. एका पानावर बातमी असायची की संगणक आला म्हणजे देशातला झाडून सगळा कारकून रस्त्यावर येणार. तिच्या समासात मी लिहिलंय, "आमच्याकडे मशीन आल्यापासून चार कारकून वाढले. बाहेर आलेला कागद कुणीतरी तपासायला नको?" दुसऱ्या पानावर कुठल्याशा उद्घाटनात कुणीतरी म्हटलेलं असायचं की संगणक आला, आता वशिला संपला, लबाडी संपली, यंत्राला भाऊ नाही आणि भाचा नाही. तिथे माझा शेरा आहे, "यंत्राला नाही. यंत्रात माहिती भरणाऱ्याला आहे." आमच्याच सेक्टरमध्ये 'सहा महिन्यांत संगणकतज्ज्ञ व्हा' अशी पाटी लावलेला क्लास निघाला होता. मी मुद्दाम जाऊन पाहून आले. तिथे मशीन नव्हतंच. पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून दिला होता आणि पोरं त्यावर बोटं आपटत बसली होती. एका ओळखीच्या कचेरीत मशीन येऊन पडलं तरी एसी आला नव्हता म्हणून ते खोक्यातच राहिलं. उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाहुणे ठरलेले. मग काय, खोक्यालाच हार घातला.

अशा गोष्टींवर मी हसायचे. वहीतल्या सगळ्या शहाणपणात मी कुठेतरी उंचावर बसलेली आहे, आणि खाली सगळे अडाणी. आता वही उघडली की ते अक्षरच नकोसं होतं.

आमच्या मशीनच्या खोलीत चपला काढून जावं लागायचं. धूळ चालत नाही म्हणून. मे महिन्यात बाहेर महाप्याची खडी तापलेली असायची आणि आत आम्ही स्वेटर घालून बसायचो. दसऱ्याला प्रिंटरला झेंडूचा हार, टर्मिनलला कुंकू, आणि नारळ मात्र दाराबाहेर फोडायचा, पाणी उडायला नको म्हणून. खोलीला एका बाजूने मोठी काच होती. क्लायंट लोक काचेबाहेर उभे राहून आत बघायचे आणि आवाज बारीक करून बोलायचे. देवळात बोलतात तसं.

ते काम आलं ते ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्याकडून. कारखाना वाढवायचा होता आणि त्यासाठी खाडीकाठच्या काही गावांची शेतं आणि मिठागरं गेली होती. त्या बदल्यात घरटी एकाला नोकरी, असं ठरलेलं. अर्ज दोन गठ्ठ्यांत होते. पहिला गठ्ठा सत्तरच्या दशकातला, जमिनीची मोजणी झाली तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी अंगठे उठवून दिलेले अर्ज. ते इतकी वर्षं फायलींत पडून होते. दुसरा गठ्ठा नवा, त्या घरांतल्या शिकलेल्या तरुणांनी भरलेला. कारखान्याच्या लोकांनी दोन्ही गठ्ठे एकत्र करून आमच्याकडे पाठवले आणि सांगितलं, एकच स्वच्छ यादी करून द्या. काही लोकांनी दोन-दोन, तीन-तीन अर्ज घातलेत असा त्यांना संशय होता. तेवढे पकडायचे.

आमच्या साहेबांनी ते काम मला दिलं. साहेब चाळिशीचे, कायम घाईत, शर्टाच्या खिशात चार पेनं. "मॅडम, सिंपल आहे. डुप्लिकेट उडवा."

खरोखर सोपं होतं. मराठीतले अर्ज बघून ऑपरेटर मुलींनी नावं इंग्रजी अक्षरांत भरली, कारण मशीनला आपली लिपी येत नव्हती. मग माझा प्रोग्राम चार गोष्टी बघणार: नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव. चारही जुळल्या की पहिला अर्ज ठेवायचा आणि दुसऱ्याच्या पुढे शेऱ्याच्या रकान्यात तीन अक्षरं छापायची, डी, यू, पी. डुप्लिकेटचं 'डुप'.

पाचवा रकाना वयाचा होता. तो मी घेतला नाही.

याचं कारण मी तेव्हा व्यवस्थित देऊ शकले असते, आताही देईन. जुन्या अर्जांत वय कुठे कोरं होतं, कुठे 'अंदाजे साठ' असं लिहिलेलं. ऑपरेटर मुलींनी त्या जागी शून्य शून्य भरलं होतं. वय जुळवायला घेतलं की सगळा घोळ व्हायचा आणि मशीनचा वेळही जायचा. चहा पिता पिता मी ठरवलं की वय नको. चहा संपायच्या आत ठरलं. मी कुणाला विचारलं नाही. विचारायचं कुणाला हेही सुचलं नाही, कारण आमच्या शेडमध्ये त्या गावांतलं एकही माणूस नव्हतं. एक जण होता, पण तो फाटकावर बसायचा.

यादी गेली. पंधरा दिवसांनी वर्तमानपत्रात आलं, 'संगणकाने पकडले बोगस उमेदवार.' खाली कारखान्याचं कौतुक, यंत्राचं कौतुक, आणि या गावांतले लोक कसे एकेका नावाने दोन-दोन अर्ज करतात त्याबद्दल दोन खवचट ओळी. ती बातमी मी नीट कापून वहीत चिकटवली. समासात लाल पेन्सिलीने लिहिलं, "प्रोग्राम माझा!!" दोन उद्गारचिन्हं आहेत, मी मोजली. नवऱ्याने त्या दिवशी श्रीखंड आणलं होतं.

आमच्या बिल्डिंगमध्ये खाडीकाठच्या दिवाळे गावाहून एक कोळीण यायची. बुधवारी आणि रविवारी. आम्ही तिला मावशी म्हणायचो, ती सगळ्यांना बाय म्हणायची. तिसऱ्या मजल्यापर्यंत टोपली घेऊन चढायची आणि दारात बसली की आधी पाणी मागायची, मग पदराने तोंड पुसायची, आणि मगच टोपलीवरचं फडकं उघडायची. तिचा नवरा खाडीत गेला होता, पुष्कळ वर्षांपूर्वी. एकच मुलगा, आयटीआय झालेला. त्याच्याबद्दल ती सारखी बोलायची. पोरानं हे केलं, पोरानं ते आणलं. मी कंप्युटरवर काम करते हे तिला माहीत होतं आणि त्याचा तिला अभिमानही होता. खालच्या मजल्यावर सांगायची, "वरच्या बायला मशीन आयकते."

बातमीनंतरच्या रविवारी तिने फडकं उघडलंच नाही.

"बाय, यक इचारू? डुप्लिकेट म्हंजे काय वो?"

मी खुशीत होते. म्हटलं, "मावशी, सोपं आहे. एकच गोष्ट दोनदा लिहिली गेली की दुसरीला डुप्लिकेट म्हणायचं."

"तसा नाय. आमच्यात डुप्लिकेट म्हंजे खोटा. डुप्लिकेट घड्याल, डुप्लिकेट सेंट. माज्या पोराला सायब बोलला, तू डुप्लिकेट हायस. धा मानसांच्या म्होरं बोलला."

मग तिने सगळं सांगितलं. मुलाला कारखान्याचं बोलावणं आलं होतं, टपालाने, त्याच्या नावावर. घरात आनंद. नवा शर्ट शिवला. तो सकाळीच गेला, तर फाटकावर यादी लावलेली. यादीत त्याचं नाव दोनदा होतं. एकदा नुसतं, आणि एकदा पुढे ती तीन अक्षरं. आत टेबलावर कारखान्याच्या साहेबाने अर्ज काढला आणि त्याला सही करायला सांगितली. त्याने सही केली. साहेब म्हणाला, या अर्जावर तर अंगठा आहे. मग तू कोण? मुलगा म्हणाला, माझा अर्ज दुसरा आहे, त्यावर सही आहे. साहेबाने तो बघितला. तो डुप्लिकेट निघाला होता.

"मंग पयला अर्ज कोनाचा?" मावशी म्हणाली. "पोरगा बोलला, माज्या आज्याचा. सायब हसला. बोलला, आज्याच्या नावानं तूच आलास काय?"

माझ्या प्रोग्रामची मला तेव्हाच शंका आली होती. तरीही मी विचारलं, कारण मला नीट खात्री करायची सवय होती. "मावशी, त्याचं पूर्ण नाव काय? मी ऑफिसात बघते."

ती जिन्याकडे बघत म्हणाली, "मी नाय घेत त्याचा नाव. सासऱ्याचा नाव हाय तो."

इतक्या वर्षांत तिच्या तोंडून मुलाचं नाव मी कधी ऐकलं नव्हतं, हे मला तेव्हा लक्षात आलं. कायम 'पोरा' नाहीतर 'पोरगा.' आजा वारला की नातवाला त्याचं नाव, इतकंच मला ठाऊक होतं. पण त्यांच्या घरात पहिल्या नातवाला आजा जिवंत असतानाच त्याचं नाव ठेवायचे. मी विचारलं, "आणि सासऱ्यांच्या वडिलांचं नाव?" ती म्हणाली, "माज्या मालकाचाच. असाच चालत आलाय, वरपासून."

म्हणजे आज्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव आणि गाव. नातवाचं नाव, त्याच्या बापाचं नाव, आडनाव आणि गाव. चारही गोष्टी अक्षर न् अक्षर सारख्या. मधला फरक फक्त वयाचा, आणि वय मी चहाबरोबर गिळलं होतं.

मला हे माहीत नव्हतं असंही म्हणता येत नाही. माझं माहेर घाटावरचं. माझ्या सख्ख्या भावाला पाळण्यात आजोबांचंच नाव ठेवलं होतं. पण आम्ही शिकलेले लोक. आमच्याकडे पाळण्यातलं नाव पाळण्यातच राहतं आणि शाळेत दुसरं, जरा बरं ऐकू येणारं घालतात. त्या लोकांनी पाळण्यातलं खरं नाव कागदावर लिहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा.

मी मावशीला म्हणाले, "चूक आहे. मी बघते." प्रोग्राम माझा आहे हे सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. तिने टोपली डोक्यावर घेतली आणि चढलेले मजले उतरून गेली.

सोमवारी मी दोन्ही गठ्ठे पुन्हा चालवले, या वेळी वय धरून. जिथे वय शून्य होतं तिथे जुना अर्ज आणि अंगठा एवढ्यावरून माणूस म्हातारा धरला. 'डुप' शेरा मिळालेल्यांतले जे आज्याच्या नावाखाली गाडले गेले होते ते प्रिंटरने छापायला घेतले. पान भरलं. प्रिंटर थांबेल म्हणून मी उभी राहिले. दुसरं पान सुरू झालं. मग मी खुर्ची ओढून बसले.

आणि खरे लबाड? तेही सापडले. ज्यांनी तीन-तीन अर्ज घातले होते त्यांची नावं तीन वेगळ्या ऑपरेटर मुलींनी तीन वेगळ्या स्पेलिंगांनी भरली होती. कुठे एक 'ए', कुठे दोन. मशीनच्या लेखी ती तीन वेगळी माणसं. त्यांतले दोन जण कामावर रुजूही झाले होते.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ते वाईट माणूस नव्हते, घरी दोन मुली होत्या, माझ्या बाळंतपणात त्यांनी मला कधी टोचलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "वय कम्पेअरला का नाही घेतलं?"

"मी वगळलं."

"मग आता हे क्लायंटला कोण सांगणार? तुम्ही की मी?" ते थोडा वेळ पेनची उघडझाप करत राहिले. "मॅडम, लिस्ट सबमिट झाली. त्यांनी साइन केलंय. पेपरात आलंय. आता आपण म्हटलं ही नावं राँग, तर ते सगळ्या लिस्टवर डाऊट घेतील. मग आपल्या पुढच्या कामांवर. कशाला टेन्शन? ड्रॉवरमध्ये ठेवा ते."

मी ते कागद ड्रॉवरमध्ये ठेवले नाहीत. मी एक दिवस रजा घेऊन थेट कारखान्यात गेले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. ज्या अधिकाऱ्याने मावशीच्या मुलाला परत पाठवलं होतं त्याच्याच समोर मला बसवलं. मी म्हणाले, ही यादी चुकली आहे. तो म्हणाला, कंप्युटरने दिली आहे. मी म्हणाले, कंप्युटरला मी सांगितलं होतं, आणि मी चुकीचं सांगितलं. तेव्हा तो मोकळेपणाने हसला. "मॅडम, असं कुणी येऊन सांगितलं म्हणून बदलायला लागलो, तर मग कंप्युटर कशाला घेतला आम्ही?" वर म्हणाला, भरती पूर्ण झाली आहे, जागा संपल्या. त्याने मला चहा पाजला. मी तो प्यायले.

मग राहिलं वर्तमानपत्र. ज्यांनी बोगस म्हणून छापलं त्यांनी खरं छापावं म्हणून मी संपादकांना पत्र लिहिलं. दोन पानी. सुरुवात अशी केली होती: "चूक संगणकाची नव्हती, संगणकाला सूचना देणाऱ्या माणसाची, म्हणजे माझी होती." पुढे आजा-नातवाच्या नावाचं सगळं सविस्तर लिहिलं, त्या मुलावर झालेला अन्याय लिहिला. पत्र छापून आलं. पहिलं वाक्य होतं, तेही अर्धंच, 'म्हणजे माझी' कापून. बाकी दोन पानं गेली. वर मथळा, 'संगणक निर्दोषच!' साहेबांनी ते कापून काचेवर लावलं आणि सगळ्यांना सांगितलं, मॅडमनी आपली बाजू काय सुरेख मांडली बघा.

त्यानंतर मी वहीत काही चिकटवलं नाही. संगणकाच्या बाजूने लिहिणारे आणि विरुद्ध लिहिणारे, दोघांचं वाचायचं सोडलं. नोकऱ्या जाणार म्हणून ओरडणाऱ्यांना कधी कळलं नाही की नोकरी जायला मशीनने कुणाची जागा घ्यावी लागत नाही, तीन अक्षरं पुरतात. आणि लबाडी संपली म्हणणाऱ्यांना कधी दिसलं नाही की कारकुनाने वहीत चुकीचं लिहिलं तर माणूस त्याच्याशी भांडू शकायचा, त्याच्या टेबलावर हात आपटू शकायचा. आमच्या छापील कागदाशी भांडायला माणूस काचेपर्यंत येतो आणि तिथे त्याला चपला काढायला सांगतात. मी नोकरी सोडली का? नाही. मला ते काम आवडत होतं. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे, दुसऱ्या दिवशी नवीन काम आलं आणि दुपारपर्यंत मी त्यात रमलेही होते.

मावशीला शेवटी मी सांगितलं. दारातच, ती पाणी पीत होती तेव्हा. प्रोग्राम मी केला होता, चूक माझी. ती चिडेल, निदान माझ्या दारात यायची बंद होईल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. तिने पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "तुमी काय मुद्दाम केला? मशीनीला काय म्हाईत आमच्या घरातला." मी पुन्हा म्हणाले, मशीन नाही मावशी, मी. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नाही. मशीन एवढं मोठं, आणि मी तिच्यासमोर गाऊनवर उभी असलेली बाई.

मुलगा कळंबोलीला लागला, लोखंडाच्या बाजारात. ट्रकमध्ये सळ्या चढवायच्या आणि उतरवायच्या. फिटरचं सर्टिफिकेट घरात पत्र्याच्या पेटीत. गावात त्याचं नावच पडलं होतं, डुप्लिकेट. पोरं हाक मारायची, "ए डुप्लिकेट!" तोही 'ओ' द्यायला लागला. ट्रकवाले परगावचे, त्यांना त्याचं दुसरं काही नाव आहे हेच माहीत नव्हतं. मावशीने हे मला हसत सांगितलं. तिला मुलाचं नाव घेता येत नव्हतं, आणि आता बाहेरही ते कुणी घेत नव्हतं.

दोन-तीन वर्षं गेली. त्याचं लग्न झालं. एका रविवारी मावशीबरोबर तोही आला. मी त्याला पहिल्यांदाच पाहत होते. खांद्याला गंजाचे डाग पडलेला शर्ट, आणि चेहरा तिच्यासारखा. तो दाराबाहेरच थांबला आणि चपला काढल्या. मी म्हणाले, "अहो, असू दे, आत या." तो अनवाणीच आत आला.

त्याला मुलगा झाला होता. बारसं जवळ आलं होतं. त्याने खिशातून एक चिठ्ठी काढली, घडी घातलेली, आणि माझ्या हातात दिली. चिठ्ठीवर मराठीत आणि खाली इंग्रजी मोठ्या अक्षरांत एकच नाव लिहिलं होतं.

"मॅडम, ह्या नावाचा आमच्या गावात कोनी नाय. आजूबाजूच्या गावांतपन इचारला. मशीन पास करंल ना?"

मी चिठ्ठी बघत राहिले. आमच्या सोसायटीत त्या नावाची तीन मुलं होती. सिनेमातलं, छान गुळगुळीत नाव. स्पेलिंगही त्याने कुणाकडून तरी नीट लिहून घेतलं होतं. रिवाजाने त्या बाळाला त्याच्या आज्याचं, म्हणजे मावशीच्या नवऱ्याचं नाव मिळायला हवं होतं. वरपासून एकाआड एक चालत आलेली दोन नावं. पुढचं नाव त्या माणसाचं होतं, खाडीत गेलेल्या. मी मावशीकडे पाहिलं. ती टोपलीवरचं फडकं नीट करत होती.

मला म्हणायचं होतं, असं करू नका. मशीन सुधारेल, वय धरतील, आता आम्ही वय धरतो. ते खरंही होतं. पण पुढच्या वेळी कुठल्यातरी शेडमध्ये कुणीतरी चहा पिता पिता दुसरं काहीतरी वगळेल, हेही मला माहीत होतं. आणि त्याला मी कुठल्या तोंडाने भरवसा देणार होते?

"करेल," मी म्हणाले. "हे नाव चालेल."

त्याने चिठ्ठी परत घडी घालून खिशात ठेवली. परीक्षेचा निकाल लागल्यासारखा हसला.

बारशाला त्यांनी मला आग्रहाने बोलावलं. दिवाळ्याला त्यांच्या घरासमोर मांडव होता, एका बाजूला वाळत घातलेली मासळी, तिच्यावर जाळं टाकलेलं. पाळण्यापाशी बायकांची गर्दी होती. बाळाच्या चुलत आत्येने वाकून त्याच्या कानात नाव सांगितलं आणि मग मोठ्याने सगळ्यांना. चिठ्ठीवरचंच नाव. म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीने विचारलं, "कोनाचा नाव गं हा?" तेवढ्यात घुगऱ्या वाटायला सुरुवात झाली.

मावशी माझ्या शेजारी येऊन बसली. नवं लुगडं नेसली होती. बराच वेळ पाळण्याकडे बघत होती.

"बाय," ती हळूच म्हणाली, "मालक गेले तवापासून त्यांचा नाव ह्या घरात कोनी मोठ्यानं घेतला नाय. मी तर घेनारच नाय. मला वाटलेला, नातू झाला का शेजारनी हाका मारतील त्याला, अंगनातून. मी आत चुलीपाशी बसून आयकीन."

तिने माझ्या तळहातावर पेढा ठेवला आणि माझी बोटं आपल्या हाताने मिटली.

"पन तुमी बोललाव ना, ह्या नावाला मशीन काय करनार नाय. मंग बरा झाला."